अवरेकाळूचे स्फटिक आणि आईचं फडकं

स्फटिक म्हटलं की लोकांना देव्हाऱ्यातलं लिंग आठवतं, नाहीतर खडीसाखर. मला अवरेकाळू आठवतात. तुमच्या पुण्या-मुंबईकडं ज्याला वाल म्हणतात त्याचीच ही जात. आम्ही बेंगळुरातले जुने मराठी लोक घरात वाल म्हणतो आणि दारातल्या भाजीवालीशी अवरेकाळू. या वालाच्या दाण्यातून काचेसारखे पैलूदार खडे निघतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. नुसतं पाहिलं नाही, ते निघाले ते माझ्या हातून. कुणाला हसू येत असेल तर येऊ दे. मी तिसरीपर्यंत शिकलो, तेही कन्नड शाळेत. मराठी अक्षर वडिलांनी घरी पाटीवर गिरवून घेतलं. एवढ्या शिदोरीवर मी एका मोठ्या प्रयोगशाळेत अटेंडर म्हणून आयुष्य काढलं, आणि जे केलं ते मान वर करून सांगायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

साठ साल उलटून गेलं होतं तेव्हाची गोष्ट. कोरमंगला तेव्हा शेतं होती, हेब्बाळला तळं आणि भोवती शेतीवाडी. हेब्बाळकडून एक शेतकरी सायकलवर पोतं टाकून आमच्या प्रयोगशाळेत सुक्या अवरेकाळूचं बियाणं आणून द्यायचा. पोतं उतरवताना दर वेळी विचारायचा, "अण्णा, एवढे काळू खाता तरी किती तुम्ही लोक?" मी म्हणायचो, "खात नाही, आम्ही त्यांचा फोटो काढतो." तो मान हलवून निघून जायचा. त्याला वाटायचं मी थट्टा करतो. मी खरंच सांगत होतो.

फोटो म्हणजे एक्स-रेचा. डाळीच्या दाण्यात प्रोटीन असतं. ते दाण्यानं आपल्या मोडासाठी साठवून ठेवलेलं अन्न, असं आमच्या प्रयोगशाळेचे मोठे सर सांगायचे. या प्रोटीनची बांधणी कशी असते ते आमच्या सरांना बघायचं होतं. पण ते इतकं बारीक की कुठल्याच मायक्रोस्कोपला दिसत नाही. त्याचा स्फटिक झाला, तरच एक्स-रेनं त्याचा अंदाज लागतो. सरांनी मला पहिल्याच वर्षी समजावलं होतं. ते कन्नडात बोलत, मी इथं मराठीत लिहितो. "हे बघ, विटा एकसारख्या असल्या की भिंत सरळ उभी राहते. एकीला कोपरा जास्त, एकीला शेपूट, तर नुसता ढिगारा. स्फटिक म्हणजे भिंत. आपल्याकडं ढिगारा होतोय." मी विचारलं, "मग गवंडी बदला." सर हसले नाहीत. गवंडी मीच होतो.

रीत अशी. दाण्याचं पीठ करायचं. ईथरनं त्यातलं तेल धुऊन काढायचं. मग पीठ मिठाच्या पाण्यात ढवळत ठेवायचं. वालाचं प्रोटीन साध्या पाण्यात विरघळत नाही, मिठाच्या पाण्यात विरघळतं. ते पाणी गाळून सेलोफेनच्या नळीत भरायचं, दोन्ही तोंडं दोऱ्यानं आवळायची आणि ती पिशवी मोठ्या बरणीतल्या साध्या पाण्यात लोंबकळत ठेवायची. मीठ बारीक, ते सेलोफेनमधून बाहेर निसटतं. प्रोटीन मोठं, ते आतच राहतं. मीठ कमी होत गेलं की प्रोटीनला पाण्यात राहवत नाही, ते खाली बसतं. बसताना ओळीनं बसलं तर स्फटिक, घाईगर्दीनं बसलं तर गाळ. या पिशव्यांच्या गाठी मी मारायचो. इतकी वर्षं मारल्या, एकही कधी गळली नाही. तिकडं एम.एस्सी. झालेल्यांच्या पिशव्या सकाळी बरणीच्या तळाशी रिकाम्या पडलेल्या मी पाहिल्यात.

हे अवरेचं काम एका बाईंकडं होतं. धारवाडच्या, वयानं माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, डॉक्टरेटसाठी आलेल्या. घरी मराठी बोलणाऱ्या, म्हणून आमचं जमलं. पहिल्या दिवशी माझं बोलणं ऐकून म्हणाल्या, "अण्णा, तुमचं हे मराठी ऐकलं तर माझी आजी रडेल."

मी म्हणालो, "आजीला सांगा, आमचं मराठी तीनशे वर्षं या गावात मुरलंय. तुमचं कालच धुऊन वाळत घातलेलं."

तेव्हापासून त्या मला अण्णा म्हणायच्या आणि मी त्यांना बाई. त्यांचं तिसरं वर्ष सरत आलं होतं आणि हातात फक्त गाळ होता. कधी पांढरा, कधी तपकिरी. बाहेरदेशी कुठल्याशा शेंगेच्या दाण्यांचे स्फटिक केव्हाच निघाले होते, म्हणून अवरेचेही निघतील असं सरांनी धरलं होतं. एकदा मात्र पिशवीत चकाकणारे खडे दिसले. बाई व्हरांड्यातून ओरडत गेल्या, चार खोल्यांतले लोक धावत आले. सरांनी एक खडा काचेवर घेतला, मायक्रोस्कोपखाली धरला आणि सुईच्या टोकानं दाबला. कट् असा आवाज झाला, दोन तुकडे. सर म्हणाले, "मीठ आहे. प्रोटीनचा स्फटिक सुईखाली दबतो, मऊ असतो. हा फुटला." सगळे परत गेले. बाईंनी काच धुतली, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "अण्णा, निदान आमटीला तरी घेऊन जा."

त्यानंतर बाईंच्या डोक्यात आलं की टरफलात दोष आहे. गिरणीत टरफलासकट दळलं की टरफलाचा रंग पाण्यात उतरतो आणि सगळं तपकिरी होतं. म्हणून दाणे भिजवून हातानं सोलायचे ठरलं. थंडीच्या खोलीत, म्हणजे यंत्रानं गार ठेवलेल्या खोलीत, बारा तास भिजवायचे, सोलायचे, पंख्याखाली वाळवायचे, मग दळायचे. कुठले दाणे, किती तास, कुठल्या खोलीत, हे सगळं नोंदवहीत लिहून खाली सही करायची. सही माझी. सरांचा कटाक्ष होता: जो हात लावेल तोच लिहील.

आता सुके वाल थंडीच्या खोलीत बारा तास भिजवून बघा. टरफल दाण्याला चिकटून बसतं, जसं भाडेकरू घराला. मी दोन शेर दाणे घेऊन बसलो. एक सकाळ गेली, नखं दुखायला लागली, मूठभर दाणे सोलून झाले. बाईंनी येऊन पाहिलं. "जमेल ना अण्णा?" मी म्हणालो, "न जमायला काय झालं?" मी कुठल्या कामाला जमत नाही म्हणत नाही. तेव्हा म्हटलं असतं तर ही गोष्ट घडलीच नसती.

दुसऱ्या दिवसापासून संक्रांतीची सुट्टी. दाणे तसेच भिजलेले पडले असते तर आंबले असते. प्रयोगशाळेची वस्तू फाटकाबाहेर न्यायची नाही असा सक्त नियम. एक जण काचेची बाटली घरी नेली म्हणून कामावरून गेलेला मी पाहिला होता. तरी मी ते दाणे डब्यात भरले, डबा पिशवीत घातला, वर टॉवेल टाकला आणि सायकल काढली. आमच्या घरच्या बायका वाल सोलायला बसल्या की दोन शेर म्हणजे तासाभराचं काम. मला त्यांच्या हातावर भरवसा होता. नियमावर नव्हता असं नाही, पण नियमाला वाल सोलता येत नव्हते.

घरी आईनं डबा उघडला, एक दाणा दोन बोटांत दाबला आणि माझ्याकडं असं बघितलं की जसं मी दुधाऐवजी ताक आणलंय.

"हे काय? कच्चेच सोलायचे?"

"भिजलेत ना."

"भिजले म्हणजे झालं? तुझ्या त्या साहेबांच्या घरी बायकामाणसं आहेत की नाहीत?" असं म्हणून तिनं आपल्या जुन्या लुगड्याचं फडकं ओलं केलं, दाणे त्यात बांधले आणि गाठोडं चुलीशेजारच्या कोनाड्यात ठेवलं.

आमच्या घरात वाल हे असेच. मोड आणायचे, मग सोलायचे, त्याच्या डाळिंब्या करायच्या. तीनशे वर्षांत देश सुटला, नऊवारीचं सहावारी झालं, भातावर आमटीऐवजी सारू आलं, पण वालाचे मोड सुटले नाहीत. शेजारचे कन्नड लोक ओले अवरे भिजवून तसेच चिमटीत दाबून सोलतात, त्याला ते हितकिद बेळे म्हणतात. आई त्याला 'बिनमोडाचं' म्हणायची, आणि म्हणताना ओठ असे दुमडायची की बिनटोपीचं म्हणतेय असं वाटावं.

संक्रांतीला एळ्ळु-बेल्ल, म्हणजे इथला तिळगूळ, वाटणं, हळदीकुंकू, पाहुणे. गाठोड्याकडं कुणी बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आई आणि माझी बायको परात घेऊन बसल्या. मोड आले होते, तांदळाच्या कण्यांसारखे. टरफलं नुसती सटासट सुटत होती. बोटं चालत होती, तोंडं त्याहून जोरात. तासाभरात परात पांढरी झाली. बायकोनं मोड खुडून टाकले, कारण मी सांगितलं होतं की फक्त दाणा पाहिजे. मी मोड पाहिले होते. मला काही वाटलं नाही. वाल तो वालच.

प्रयोगशाळा उघडली तेव्हा मी सगळ्यांच्या आधी गेलो, दाणे पंख्याखाली पसरले आणि नोंदवहीत लिहिलं: अवरेकाळू, बारा तास भिजवण, थंडीची खोली, हातानं सोलले. खाली सही. लिहिताना मागंपुढं पाहिलं नाही, हे खरं सांगतो. दुसरं काय लिहिणार होतो?

बाई आल्या, दाणे बघून थक्क झाल्या. "अण्णा! एकटे सोललेत?"

"मग काय, सैन्य आणलं होतं?"

पुढचं सगळं नेहमीसारखं झालं. दळलं, धुतलं, मिठाच्या पाण्यात घातलं, गाळलं. गाळलेलं पाणी यावेळी नारळाच्या पाण्यासारखं स्वच्छ होतं, तपकिरी नाही. चार पिशव्या बांधल्या. चौथ्या दिवशी सकाळी बरणी उजेडात धरली, तर पिशवीच्या तळाशी गाळ नव्हता. रेती होती. बारीक, लुकलुकणारी. मी बाईंना हाक मारली नाही. आधी एक थेंब काचेवर घेतला, बाईंच्या मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि बघितलं. हिऱ्याच्या अंगठीतले खडे असतात ना, वर टोक, खाली टोक, मध्ये धार, तसे. एकसारखे. जणू एका साच्यातून काढलेले. मी आयुष्यात देवळं पुष्कळ पाहिली. असं काही पाहिलं नव्हतं.

सर आले. सुई त्यांनी बाईंच्या हातात दिली. बाईंनी दाबलं. आवाज नाही. खडा शिजलेल्या डाळीसारखा दबून पसरला.

सरांनी स्वतः वाकून एकदा पाहिलं. मग म्हणाले, "सरी, बरं. आता पुन्हा करा. एकदा आलेला स्फटिक म्हणजे पाहुणा. दुसऱ्यांदा आला तर घरचा." आणि जाताना माझ्या पाठीवर थाप मारून गेले. व्हरांड्यात चार लोकांसमोर. ती थापच पुढं महाग पडली.

पुन्हा केलं. यावेळी मी सगळं वहीप्रमाणं केलं, बारा तास, थंडीच्या खोलीत. पाच दिवस बसून एकट्यानं दाणे सोलले. वस्तू पुन्हा घरी नेण्याचं धाडस मला करायचं नव्हतं, आणि खरं म्हणजे आता गरजही वाटत नव्हती, कारण त्या थापेनं माझी खात्री झाली होती की स्फटिक माझ्या गाठीमुळं आलेत. गाळ आला. मी म्हणालो, पाणी खराब. पाणी बदललं. गाळ. सेलोफेन नवं आणलं, त्याचा दोष. जुनं शोधून काढलं. गाळ. बरणी इकडची तिकडं केली. बाईंनी एकेक गोष्ट लिहून काढली, आणि दर वेळी वहीतलं माझं संक्रांतीचं पान उघडून माझ्यासमोर वाचायच्या. "बारा तास, थंडीची खोली. तसंच केलंत ना अण्णा?"

"तसंच."

"मग काय चुकतंय?"

पहिल्या स्फटिकांचा सरांनी एक्स-रे घ्यायचा प्रयत्न केला होता. बारीक काचनळीत पाण्यासकट खडा बंद करून ठेवायचा असतो, वाळला की गेला. ते खडे फार लहान होते, फिल्मवर चार फिकट ठिपके आले आणि खडे संपले. माल शिल्लक नाही, रीत लागत नाही. फेब्रुवारी संपताना सरांनी बाईंना बोलावलं. मी दाराशी बाटल्या पुसत होतो, सगळं ऐकलं. सर म्हणाले, "युगादीपर्यंत दुसऱ्यांदा आले तर पुढं चालू. नाही आले तर हा विषय बंद. तुम्ही नवीन विषय घ्या."

"सर, नवीन विषय म्हणजे पहिल्यापासून."

"हो."

"तीन वर्षं?"

सरांनी पुढचा कागद ओढला. बाई बाहेर आल्या, माझ्याजवळ थांबल्या. "अण्णा, पहिल्यापासून नाही जमायचं मला. शिष्यवृत्ती संपते. मी धारवाडला परत जाईन, शाळेत शिकवीन." असं म्हणून हसल्या. मला ते हसू आवडलं नाही.

आठवडाभरात शेजारच्या अक्कानं वाटीभर हितकिद बेळेचं सारू पाठवलं. हंगामातले शेवटचे ओले अवरे. मी जेवायला बसलो होतो. त्याच वेळी आईनं सुक्या वालाच्या डाळिंब्या केल्या होत्या. दोन्ही पानात. मी दोन्ही खाल्लं आणि सहज म्हणालो, "अक्काच्या सारूपेक्षा आपलं गोड लागतं."

आई म्हणाली, "लागणारच. त्यांचं बिनमोडाचं. मोड आला की दाणा आतून सुटतो, सैल होतो. मोडाला खायला घालायचं असतं ना त्याला, तो आपली कोठी उघडतो. बिनमोडाचा दाणा म्हणजे कुलूप."

घास तोंडातच राहिला. सरांनी पहिल्या वर्षी सांगितलं होतं तेच हे. दाण्यातलं प्रोटीन म्हणजे मोडासाठी साठवलेलं अन्न. सरांनी कोठार सांगितलं, आई कोठी सांगत होती. आणि मी दोन महिने कुलूपबंद कोठीच्या विटा रचत बसलो होतो.

बायको म्हणाली, "काय झालं? मीठ कमी आहे का?"

"मीठ बरोबर आहे," मी म्हणालो, आणि हात धुतला.

मला काय करायचंय ते मला लगेच कळलं. केलं मात्र दोन दिवसांनी. या दोन दिवसांबद्दल मी काही लपवत नाही. पहिल्यांदा असं वाटलं की गुपचूप मोड आणावे, स्फटिक काढावे आणि पाठीवर आणखी एक थाप घ्यावी. पण मग तिसऱ्यांदा कोण काढणार? बाईंच्या डॉक्टरेटच्या पुस्तकात 'बारा तास, थंडीची खोली' असं छापलं जाईल, जगभरात कुणी वाचून करून बघेल, गाळ येईल आणि लोक बाईंना खोटं म्हणतील. खोटं माझं आणि नाव बाईंचं, हे काही मला पटेना. नोकरी गेली असती तर मी दुसरी शोधली असती. मला पिशव्या बांधता येत होत्या, सायकल होती, दोन हात होते.

तिसऱ्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेलो. बाई तिथंच होत्या. मी वही टेबलावर ठेवली, संक्रांतीचं पान उघडलं.

"हे खोटं आहे," मी म्हणालो.

सर चष्म्यावरून बघत राहिले. "काय खोटं आहे?"

"सगळं. दाणे मी घरी नेले होते. आईनं फडक्यात बांधले. मोड आले. मग सोलले."

बाई उभ्याच राहिल्या. "मोड?"

"तांदळाच्या कण्यांएवढे. आमच्याकडं डाळिंब्या असंच करतात."

बाईंनी कपाळावर हात मारला. "डाळिंब्या! माझी मावशी करते हो! आणि मला एकदाही सुचलं नाही की दाणे इतके सटासट सुटले कसे!" मग एकदम आवाज चढला. "अण्णा, दोन महिने! दर वेळी मी तुम्हाला विचारलं. तोंडावर विचारलं!"

"विचारलंत."

"आणि तुम्ही 'तसंच' म्हणालात."

"म्हणालो."

माफी मागायची मला सवय नाही. खरं सांगायला गेलो होतो, ते सांगून झालं होतं.

सर रागावले. कन्नडात, मग इंग्रजीत, मग पुन्हा कन्नडात. सगळं संपल्यावर पाणी प्यायले आणि खुर्चीत मागं टेकले. थोड्या वेळानं वेगळ्याच आवाजात, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मोड येताना दाण्यातला पाचक रस हे प्रोटीन थोडं थोडं कुरतडतो. मोडाला खायला घालण्यासाठी. सुरुवातीला फक्त सैल लोंबणारी शेपटं कुरतडली जात असतील. शेपूट गेलं की विटा सारख्या…" मग माझ्याकडं बघून, "किती तास ठेवले होते?"

"तास नाही सर. संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळपासून तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत."

"तापमान?"

"चुलीशेजारचा कोनाडा."

सरांनी डोळे मिटले. "सरी. आईंना विचारून या, मोड किती झाला की थांबायचं."

आईला विचारलं तर म्हणाली, "बोटाला कळतं." मी सरांना तसंच सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं.

मग चार ढीग केले. एक बिनमोडाचा, एक डोळा फुटलेला, एक तांदळाच्या कणीएवढ्या मोडाचा, एक बोटभर मोडाचा. सरांचं म्हणणं होतं काचेच्या बशीत ओला कागद घालून मोड आणायचे. मी म्हणालो, फडकंच पाहिजे. सर म्हणाले कागद. मी म्हणालो, माझी नोकरी घ्यायची तर घ्या, पण वाल फडक्यातच मोड धरतात. शेवटी दोन्ही केलं. दोन्हीत मोड सारखेच आले, हेही सांगून टाकतो.

बिनमोडाच्या पिशवीत गाळ आला. डोळा फुटलेल्यात गाळ आणि त्यात थोडी चमक. बोटभर मोडाच्या पिशवीत काहीच आलं नाही, पाणी नुसतं गढूळ. तिथं दाण्यानं कोठीच खाऊन टाकली होती. आणि तांदळाच्या कणीएवढ्या मोडाच्या पिशवीत, कागदाच्याही आणि फडक्याच्याही, रेती. युगादीला, म्हणजे आमच्या पाडव्याला, अजून नऊ दिवस होते. बाईंनी माझ्याशी तोवर कामापुरतंच बोलणं ठेवलं होतं. त्यांनी काच मायक्रोस्कोपखाली ठेवली, बघितलं, आणि सुई उचलून माझ्या हातात दिली.

"तुम्ही दाबा."

मी दाबली. आवाज झाला नाही.

"बघा," मी म्हणालो, "घरचा."

"घरचाच म्हणायचा," बाई म्हणाल्या, "घरी नेऊनच आलाय." आणि हसल्या. हे हसू बरं होतं.

बाईंचा विषय चालू राहिला. त्यांनी पुढं मोठे खडे वाढवले, एक्स-रेवर भरपूर ठिपके आले, डॉक्टरेट झाली. त्यांचं पुस्तक मी पाहिलंय. इंग्रजीत आहे. त्यांनीच मला ती ओळ बोट ठेवून दाखवली, की बिया अमुक तापमानाला अमुक तास अंकुरित केल्या. कुणी केल्या, कुणाच्या फडक्यात, ते तसल्या पुस्तकांत लिहायची पद्धत नसते. मी काही वाईट वाटून घेतलं नाही.

कारण ते दुसरीकडं लिहिलेलं आहे. सरांनी मला नोकरीवरून काढलं नाही, पण मेमो दिला. नियम म्हणजे नियम. तोही इंग्रजीत, बाईंनी मला मराठीत वाचून दाखवला: या अटेंडरनं प्रयोगशाळेचं अवरेचं बियाणं परवानगीशिवाय घरी नेलं, तिथं त्याला मोड आणले, ते सोलून परत आणलं, त्यातून स्फटिक मिळाले, आणि नोंदवहीत चुकीची नोंद केली. खाली सरांची सही, तारीख, शिक्का. वरचा मजकूर मान्य आहे म्हणून मला सही करायची होती. बाई म्हणाल्या, "कन्नडात करा, इंग्रजीत करा, चालेल." मी मराठीत केली, वडिलांनी पाटीवर शिकवलेल्या अक्षरात. आणि सरांकडून एक प्रत मागून घेतली.

सरांना वाटलं मी भांडायला प्रत नेतोय. मी ती घरी नेली आणि बाईंनी वाचून दाखवली तशी तोंडपाठ आईला ऐकवली. ती शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "घरी नेलं म्हणून ओरडतात? मग मोड काय त्यांच्या टेबलावर येणार होते?"

तो कागद अजून माझ्या पेटीत आहे. त्यांनी तो दोष म्हणून लिहिला. मी दाखला म्हणून ठेवलाय.